निजामावर न गेलेली गाडी

आमच्या मोहोळच्या घरामागे, गोठ्याला लागून, एक जुना मिल्ट्री ट्रक उभा आहे. त्याचं नाव 'निजामी'. ट्रक पुल्लिंगी असला तरी आमच्याकडे सगळे त्याला गाडी म्हणतात, म्हणून मीही 'ती'च म्हणणार. तिची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. ही गाडी १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनमध्ये निजामावर चालून गेली होती, नंतर लिलावात निघाली आणि माझ्या पणजोबांनी घेतली. शाळेत हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा धडा आला की मी हात वर करायचो, "सर, त्यातली एक गाडी आमच्याकडं आहे." त्या दिवसापुरता वर्गात भाव वाढायचा.

ही गोष्ट खोटी आहे. ते मला गाडी दुरुस्त करताना कळलं. खरी गोष्ट काय होती, तेही गाडी दुरुस्त करतानाच कळलं.

पाटी

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो, तेव्हा वाटलं होतं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, आणि संध्याकाळी बाहेर जायची सोय नाही. मग मी परसात गेलो. गाडी बंद पडून तीस वर्षं होत आली होती. चारही टायर मातीत रुतलेले, हौद्यात कडुलिंबाचा पाला, आणि केबिनमध्ये आमची कोंबडी अंडी घालायची.

पहिलं काम धुण्याचं. लोखंडी पट्टीने माती खरवडायची, मग ब्रश आणि डिझेल. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये रंगाच्या थराखाली एक चौकोनी उंचवटा लागला. पॉलिश पेपरने हळूहळू घासल्यावर पाटी दिसली. शेवरले, मॉडेल सी१५ए, मेड इन कॅनडा.

कॅनडा? आमच्या घरात तर आजवर सगळे तिला अमेरिकन गाडी म्हणत.

शोधायला लागलो तर मोठंच प्रकरण निघालं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने आठ लाखांहून जास्त लष्करी वाहनं बनवली. ओशावा इथे जनरल मोटर्सचा कारखाना, विंडसर इथे फोर्डचा. एरवीचे हे कट्टर स्पर्धक, पण युद्धासाठी दोघांनी ब्रिटिश सैन्याच्या गरजेप्रमाणे जवळपास सारख्या दिसणाऱ्या गाड्या बनवल्या. फरक मुख्यतः इंजिनात. फोर्डचं आठ सिलिंडरचं, शेवरलेचं सहा. नाक इतकं आखूड की इंजिनाचा बराचसा भाग केबिनमध्येच येतो. ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधे पत्र्याचं झाकण, आणि त्याखाली इंजिन. समोरची काच खालच्या बाजूला आत ओढलेली, म्हणजे वरून विमानातून बघणाऱ्याला तिची चमक दिसू नये.

आमची गाडी त्यातली लहान, पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे साधारण साडेसातशे किलो माल वाहणारी. बॉनेटवर रंगाच्या तळच्या थरात पुसट 'झेड' अक्षर आणि अर्धवट आकडे सापडले. ब्रिटिश पद्धतीत मोठ्या लॉरीला 'एल' आणि या लहान ट्रकला 'झेड' असायचं.

पण कॅनडातली गाडी हिंदुस्थानात का? कारण इथे मोटारी बनतच नव्हत्या. मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड सुटे भाग आणून गाड्या जोडायचे, तेवढंच. बनवायचं स्वप्न बघणारा एक माणूस होता, आणि तो सोलापूरचाच. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. १९४० च्या सुमारास त्यांनी क्रायस्लर कंपनीशी बोलणी करून मोटार कारखान्याचा घाट घातला होता. ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडेपर्यंत युद्ध संपून गेलं होतं. मधल्या वर्षांत या देशातलं सैन्य खोक्यांतून आलेल्या गाड्यांवर चाललं. त्यातली एक फिरत फिरत वालचंदांच्या गावापासून पस्तीस किलोमीटरवर येऊन आमच्या गोठ्याशेजारी उभी राहिली.

पावती

युद्ध संपल्यावर सरकारपुढे वेगळाच प्रश्न आला. या सगळ्या सामानाचं करायचं काय? बर्मा आघाडीसाठी हिंदुस्थान हा मोठा तळ होता. गाड्या, तंबू, बूट, टायर, तारा, सगळ्याचे डोंगर पडले होते. ते विकायला डिस्पोजल्स नावाचं खातंच होतं. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्याकडे अजूनही आहे. मिल्ट्रीचा कोट, मिल्ट्रीची ताडपत्री म्हटलं की ते आलंच. नव्या गाड्या मिळणं मुश्किल होतं, त्यामुळे डिस्पोजलचे ट्रक हातोहात गेले.

आमच्या पणजोबांचा कांद्याचा आणि शेंगांचा छोटा व्यापार होता. लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. मला खरं तर आरसी बुक हवं होतं. त्यात एक पिवळा पडलेला टाइप केलेला इंग्रजी कागद निघाला. डिस्पोजलच्या मालाची पावती, पुण्याच्या एका व्यापाऱ्यामार्फत घेतलेली. मॉडेल तेच. नंबर पाटीवरच्या नंबराशी जुळणारा. तारीख फेब्रुवारी १९४७.

मी दोनदा वाचली. पोलीस अ‍ॅक्शन झाली १३ सप्टेंबर १९४८ ला. त्याच्या दीड वर्ष आधी ही गाडी आमच्या दारात होती आणि कांदे वाहत होती.

पोलीस अ‍ॅक्शनची मुख्य चढाई आमच्याच बाजूने झाली, हे मात्र खरं. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालची फौज सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याने निघाली. सोलापूर ते नळदुर्ग साधारण पंचेचाळीस किलोमीटर. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, आणि फौज उमरग्यापर्यंत पोचली. १७ तारखेला निजामाने हात टेकले, १८ ला रीतसर शरणागती झाली. एवढं सगळं झालं, पण त्यात निजामी नव्हती.

मी कागद घेऊन आबांकडे गेलो. आबा म्हणजे माझे आजोबा, १९४८ साली तेरा वर्षांचे. त्यांनी चष्मा लावून तारीख बघितली, कागद परत दिला आणि म्हणाले, "रस्त्याला मिल्ट्री चालली हुती. लाइनच्या लाइन. त्यात आपल्या गाडीवानी गाड्या हुत्या." मग थोडं थांबून, "पोरांस्नी सांगितलं आपली बी त्यातलीच. मग तीच गोष्ट झाली."

एवढंच. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, गोष्ट इथे संपली.

लाल नट

राग आला तरी काम थांबवता येत नव्हतं, कारण गाडीचे अर्धे भाग मी उघडून ठेवले होते. आणि जसजसं उघडत गेलो, तसतसं लक्षात येत गेलं की पाटी सोडली तर या गाडीत शेवरलेचं फार थोडं उरलंय.

मूळचं इंजिन पेट्रोलचं. ते केव्हाच गेलंय. आत आहे ते पर्किन्स पी६, सहा सिलिंडरचं डिझेल. १९५० च्या दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिनं इथे बनवायला घेतली, आणि देशभरात डिस्पोजलच्या पेट्रोल गाड्यांमध्ये ती बसू लागली. डिझेल स्वस्त आणि खपही कमी, हिशेब साधा होता. मागच्या कमानीचे पाटे टाटाच्या ट्रकचे. १९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, त्यानंतर रस्त्याकडेच्या कुठल्याही मिस्त्रीकडे मिळतील असे सुटे भाग म्हणजे टाटाचेच. पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट काढून ठेवलेला, कारण कांदे न्यायला फोर-व्हील लागत नाही. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केलेली. हौद्याच्या फळ्या बाभळीच्या.

माझ्या रोजच्या कामात जुना कोड उघडला की कोणत्या ओळीत कुणी कधी बदल केला ते दिसतं. इथेही दिसत होतं. गिअरबॉक्सच्या कव्हरवर पंचने ठोकलेली '६१' आणि '७४' ही सालं. प्रत्येक मोठ्या कामानंतर मिस्त्रीने आत साल ठोकून ठेवलं होतं, म्हणजे पुढच्याला कळावं.

मिस्त्री सोलापूरचे होते. आबा त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. उस्तादांनी हे काम सैन्यात शिकलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्यात पंचवीस लाख माणसं होती. गाड्या इतक्या वाढल्या की १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीसाठी वेगळं दल काढावं लागलं, तेच आजचं ईएमई. युद्ध संपलं तशी यातली कितीतरी माणसं घरी आली. आपण डिस्पोजल म्हटलं की गाड्यांचा विचार करतो. पण गाड्यांबरोबर त्या उघडता येणारे हातही बाजारात आले. ते नसते तर या परदेशी गाड्या दोन-चार वर्षांत भंगारात गेल्या असत्या. पुस्तक नाही, कंपनीचा माणूस नाही, सुटा भाग नाही. भाग लेथवर कातून घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या गाडीचा घासून बसवायचा.

उस्तादांच्या हुशारीचा मला एकदा थेट फायदा झाला. या गाडीचं रिम दोन भागांचं असतं. दोन थाळ्या समोरासमोर ठेवून कडेला नटबोल्टने आवळाव्यात तसं. चाकावर नटांची दोन वर्तुळं असतात. एक चाक हबला धरून ठेवतं, दुसरं रिमचे दोन भाग एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसरे नट सोडले, तर रिमचा भाग उडतो आणि समोर जो असेल त्याला लागतो. माणसं गेलीत यात. मला हे काही माहीत नव्हतं. पाना लावला होता. टायर तळाला बसलेला दिसत असला तरी आत थोडी हवा धरून असेल, हे डोक्यात आलं नाही. तेवढ्यात चिखलाखाली लाल रंग दिसला. एका वर्तुळातले सगळे नट लाल, दुसऱ्यातले साधे. गावातल्या पंक्चरवाल्या काकांना फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला आणि आधी शिव्या बसल्या, मग कारण कळलं. लाल नट सोडायचे नाहीत. आधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण घालवायची, चाक उतरवायचं, मगच त्यांना हात लावायचा. ही खूण सैन्यातली. पण हा रंग युद्धातला नव्हता. टाटाच्या पाट्यांवर जो लाल रंग आहे तोच होता. म्हणजे उस्तादांनी तो नंतर पुन्हा मारला होता, स्वतः विसरू नये म्हणून नाही, पुढे जो कुणी येईल त्याच्यासाठी.

हुक

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी असेल तर तिची वेगळी नोंदणी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, व्यवसायासाठी वापर नाही. मला एकदम उत्साह आला. वय सोडलं तर आपली गाडी या व्याख्येत बसत नाही, पण बसवता येईल असं वाटलं. मी यादी केली. पर्किन्स काढायचं, कुठून तरी जुनं शेवरलेचं इंजिन मिळवायचं, बाभळीच्या फळ्या काढायच्या, मूळचा हिरवट खाकी रंग द्यायचा. परदेशातले हौशी लोक असंच करतात. एकेक नट मूळच्या शिक्क्याचा शोधतात. मला त्यांचं कौतुकच आहे.

यादीत सगळ्यात सोपं काम होतं केबिनच्या आतल्या हुकाचं. काचेच्या वरच्या चौकटीला, मधोमध, कुणीतरी सळई वाकवून एक हुक वेल्ड केला होता. फोटोतल्या कुठल्याही सी१५ए मध्ये तो नाही. मी ग्राइंडर लावला. आवाज ऐकून आबा काठी टेकत बाहेर आले.

"त्या हुकाला हात लावू नगंस."

मी ग्राइंडर बंद केला. आबा पायरीवर बसले आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी माझ्या वडिलांनाही कधी सांगितली नव्हती.

निजाम पडल्यावर महिन्याभराने. उस्तादांची बहीण उमरग्याच्या बाजूच्या एका गावात दिली होती. तिची काहीच खबर नव्हती. सोलापुरात बातम्या येत होत्या, त्या ऐकून उस्ताद जेवत नव्हते. पणजोबांनी हौद्यात ज्वारीची पोती टाकली, कुणी अडवलं तर माल आहे म्हणायला, आणि गाडी काढली. स्टिअरिंगवर उस्ताद, शेजारी पणजोबा, पोत्यांवर क्लीनर म्हणून तेरा वर्षांचे आबा. पोर बरोबर असलं की लोक कमी विचारतात, एवढाच त्यात विचार.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो शाळेत मला कुणी सांगितला नव्हता. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी रझाकारांनी सरहद्दीवरच्या गावांत जे केलं ते आपल्याला माहीत असतं. तिकडून जीव घेऊन माणसं सोलापूर, बार्शीकडे आली, आमच्या गावातही आली. ते खरंच आहे. पण नंतर जे झालं तेही खरं आहे. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजाप्रमाणे पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ चार जिल्ह्यांना, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नाही. त्यात एक नोंद आहे, जी वाचून मी थांबलो. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना वाचवलं, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत हे जास्त दिसलं. विणकरांनी विणकरांना वाचवलं, स्वतःचा जीव धोक्यात घालून.

आबांना अहवाल माहीत नाही. त्यांना रात्र माहीत आहे. बहीण सापडली, दोन पोरं सापडली, म्हातारी सासू सापडली. बहिणीचा नवरा नाही. त्यांना पोत्यांच्या आत बसवून, वर ताडपत्री टाकून गाडी परत फिरली. नळदुर्गच्या अलीकडे इंजिन गचके देऊन बंद पडलं. पेट्रोलचा पंप गेला होता. आतला पडदा फाटला होता, टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत चढेना. रस्त्यावर थांबून राहणं शक्य नव्हतं. उस्तादांनी केबिनमधलं इंजिनाचं झाकण काढलं, टाकीतलं पेट्रोल एका डब्यात भरलं, डब्याला नळी जोडून ती कार्बोरेटरला लावली. डबा उंच धरला की पेट्रोल आपोआप खाली उतरतं. फक्त कुणीतरी तो धरायला हवा.

"म्या धरला," आबा म्हणाले. "सोलापूरपतुर. हात भरून यायचे, मग दुसऱ्या हातात घ्यायचा. खाली इंजिन तापल्यालं. सांडलं तर सगळेच जळणार. उस्ताद म्हणायचे, बेटा, बस आता आलंच."

पुढे गाडी नीट झाल्यावर उस्तादांनी केबिनमध्ये तो हुक वेल्ड केला. पुन्हा पंप गेला तर डबा पोराच्या हातात द्यायला नको. १९६१ ला पर्किन्स बसलं, पेट्रोल राहिलं नाही, हुकाचा उपयोग संपला. पण उस्तादांनी तो काढला नाही, आणि पुढच्या कुठल्याही कामात तो तसाच ठेवला.

मी विचारलं, "आबा, मग हे का नाही सांगितलं कधी? निजामावर गेली, निजामावर गेली, तेच का सांगितलं?"

"त्या टायमाला हे सांगायसारखं नव्हतं," ते म्हणाले. "ते सांगितलं की लोक टाळी द्यायचे."

पुढचं काम

व्हिंटेज नोंदणीची यादी मी बाजूला ठेवली. मूळ स्वरूप म्हणजे कोणतं, हे मला आता ठरवता येत नाही. ही गाडी सैन्यात जेमतेम तीन-चार वर्षं होती. तिथे तिने काय केलं ते आम्हाला माहीत नाही. मोहोळमध्ये तिने चाळीसेक वर्षं काम केलं, आणि त्यातल्या प्रत्येक दुरुस्तीचा हिशेब तिच्या अंगावर आहे. खाकी रंगाखाली मी तो झाकला, तर गाडी रॅलीत छान दिसेल, आणि मी पुन्हा तीच टाळीची गोष्ट सांगत बसेन.

त्यामुळे आता नियम एवढाच. जे मोडलंय ते चालू करायचं, जे कुणी विचार करून केलंय ते काढायचं नाही. पर्किन्सचा डिझेल पंप सोलापुरात कॅलिब्रेट करून आणला, नोझल बदलले, पाइपातली एअर काढली. २०२२ च्या दिवाळीत इंजिन सुरू झालं, आधी पांढरा धूर, मग काळा, मग कोंबडी ओरडत पळाली. गिअर टाकायला डबल क्लच लागतो. दोनदा क्लच दाबून मधे योग्य रेस दिली नाही तर गिअरबॉक्स असा ओरडतो की अख्ख्या वस्तीला कळतं. मला शिकायला दोन महिने लागले. गाडी रस्त्यावर काढत नाही, कागद पूर्ण नाहीत आणि ब्रेकवर माझा विश्वास नाही. शेताच्या बांधापर्यंत जाते आणि येते.

उस्ताद कधीच गेले. त्यांचा नातू सोलापुरात ट्रॅक्टरची इंजिनं बांधतो, पंप त्याच्याकडूनच करून घेतला. हुकाची गोष्ट त्यालाही माहीत नव्हती. त्याच्या घरात सांगतात ती वेगळी आहे. 'मोहोळच्या एका सावकारांनी आजीला आणलं', एवढीच. त्यांना गाडी माहीत होती, डबा धरणारा पोरगा माहीत नव्हता. मार्चमध्ये तो मोहोळला आला. आबांनी त्याला केबिनमध्ये बसवलं आणि हुक दाखवला. दोघं बराच वेळ आत बसून होते. मी बाहेर चाकांचं काम करत होतो.

चारही रिम उघडून, गंज काढून, पुन्हा जोडून झाली होती. शेवटचं काम राहिलं होतं. उस्तादांचा रंग उडत आला होता, म्हणून मी बारीक ब्रश घेतला आणि ते सगळे नट परत लाल केले.